दगडांसाठी सूर्य

…दगड म्हणायचं नाही! तुम्हाला सांगतो, आमच्या घरात त्या वस्तूला दगड म्हणायला बंदी आहे. मी एकदा सहज म्हणालो, 'अरे, त्या दगडावर काहीतरी हिरवं आलंय बघ,' तर चिरंजीव असे वळले माझ्याकडे, जणू मी त्यांच्या साहेबाला शिवी दिली. 'बाबा, तो दगड नाहीये. जिवंत आहे तो.' जिवंत! हलत नाही, बोलत नाही, हाक मारली तर ओ देत नाही, दिवसभर एका जागी बसून असतो… म्हणजे तसं बघितलं तर मीही दगडच की हो! फक्त माझ्यासाठी कुणी दिवा आणला नाही.

तर दिवा. सगळं त्या दिव्यावरून. माझी मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'काका, भरपूर वाचा, पण चांगल्या उजेडात.' आता आमच्या हॉलमध्ये दिवा एकच, छताच्या मधोमध, आणि माझी खुर्ची अशी की तो बरोबर पाठीमागे. पेपर उघडला की माझ्याच डोक्याची सावली माझ्याच पेपरवर. अग्रलेखाच्या मधोमध माझं टक्कल! म्हणून चिरंजीवांना म्हटलं, बाबा रे, खुर्चीशेजारी एक उभा दिवा आणून दे, मान वाकवता येते तसला. 'बघू बाबा,' म्हणाले. अहो, बघायलाच तर हवाय! पण नाही, 'बघू'. वर्ष गेलं त्या 'बघू'त. मी काय मागितलं होतं? एक दिवा!

आणि नेमका त्याच वर्षात चिरंजीवांना समुद्राचा नाद लागला. माणसाला नाद कुठलाही लागावा… पत्ते, तबला, शेजाऱ्याशी भांडण… पण समुद्र घरात आणायचा नाद लागू नये. मीठ विकत आणायचं, पिंपात ढवळायचं, ते पाणी काचेच्या टाकीत भरायचं, आणि त्यात बोटाएवढे दोन मासे. मासे गौण हो! ते नुसते वरातीत नाचणारे. खरे मानकरी ते दगड… चुकलो, पोवळी. आता पोवळं म्हणजे मला ठाऊक होतं ते अंगठीतलं. गरीब बिचारं, बोटात बसतं, गप्प राहतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. टाकीतल्या पोवळ्याचा थाट विचारू नका! पाणी ठरावीक गरम, ठरावीक खारट, आणि मुख्य म्हणजे उजेड. 'बाबा, उजेड हेच त्यांचं अन्न असतं,' चिरंजीव मला समजावतायत. मी म्हटलं, 'अरे, माझंही वाचन…' 'बघू बाबा.'

मग सुरू झाला दिवा निवडायचा सोहळा. मला घेऊन गेले दुकानात. कशाला? खोकं धरायला. दुकान कसलं, भुयार! आत सगळा निळा अंधार, त्यात टाक्या लखलखतायत हिरव्या, केशरी, जांभळ्या, आणि दुकानदाराचे फक्त दात दिसतायत. दात मला म्हणाले, 'काका, मऊ ठेवणार की कडक?' मी म्हटलं, 'गादी घ्यायला नाही आलो.' चिरंजीवांनी कोपरानं ढोसलं मला. पोवळ्यांत म्हणे मऊ आणि कडक असे दोन प्रकार. मऊंना उजेड बेताचा चालतो, कडकांना रखरखीत ऊन लागतं. आता आमचे चिरंजीव जन्मात कधी सोपं काही निवडतील? 'कडक!' दात केवढे आनंदले म्हणता! 'सर, मग तुम्हाला दिवा नकोच. तुम्हाला सूर्य हवा.'

आणि काढला की हो त्यानं सूर्य! काळा, चपटा, उशीएवढा. 'सर, यात पहाट आहे, दुपार आहे, संध्याकाळ आहे. मग चंद्र. चंद्र कलेकलेनं वाढतो सर, आकाशातल्या चंद्राशी जुळवून. आणि ढग आहेत.' ढग! मी म्हटलं, 'अहो, एवढा महागाचा सूर्य घेतल्यावर त्याच्यावर ढग कशाला आणायचे?' 'नैसर्गिक वाटतं काका.' वीजही चमकते म्हणे. मी विचारलं, 'ते सगळं राहू द्या, यात पेपर वाचता येतो का?' दात मिटले. दुकानात काळोख पडला.

पण लगेच घेतला असेल असं वाटतं तुम्हाला? छे! आधी ग्रुपला विचारायचं. चिरंजीवांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यात सगळे असेच, पिंपात मीठ ढवळणारे. त्यांच्यात तीन पंथ. ट्यूबवाले, एलईडीवाले आणि जुने हॅलाइडवाले, ज्यांच्या दिव्याखाली पोवळी वाढतात आणि घरातली माणसं भाजून निघतात. ट्यूबवाला लिहितो, 'उजेड सगळीकडे सारखा पडतो.' एलईडीवाला लिहितो, 'रंग बघा रंग!' हॅलाइडवाला लिहितो, 'तुम्ही कालची पोरं आहात.' झालं, जुंपली! आणि या सगळ्यांच्या डोक्यावर एक प्रवाळशास्त्री. पोटापाण्यासाठी विमा विकतो, पण ग्रुपमध्ये त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. दोनच शब्द लिहायचा, 'निळा वाढवा.' की सगळे हात जोडलेली चित्रं पाठवायला मोकळे. महिनोन् महिने चाललं हे! मी सूनबाईंना म्हटलं, 'तुमचं स्थळ आलं होतं तेव्हा यानं इतकी चौकशी केली नव्हती.' सूनबाई शांतपणे म्हणाल्या, 'मला माहितीये बाबा.'

शेवटी आला तो सूर्य. छताला भोकं पाडून तारांनी टांगला, चुन्याचा सडा माझ्या खुर्चीवर. पहिल्या दिवशी उगवला तो निळा. म्हणजे किती निळा? माझा बनियन ट्यूबलाइटसारखा पेटला. चिरंजीव हसले तर त्यांचे दात पेटले. आणि आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिचा चेहरा त्या उजेडात असा दिसला की मी आधी नाडी बघितली. 'हात सोडा,' म्हणाली, 'काय मेलं हे, सगळी माणसं बुडाल्यासारखी दिसतायत!' बरं, मी म्हटलं खिडकीपाशी जाऊन वाचावं, तर खिडकीला जाड काळा पडदा. का? तर बाहेरचं ऊन टाकीवर आलं की शेवाळ वाढतं. म्हणजे बघा, खरा सूर्य फुकट दारात उभा, त्याला पडदा लावून बाहेर ठेवायचा, आणि विकतचा सूर्य आत टांगायचा! एक दिवस तोही उगवला नाही. मी विचारलं, काय झालं? 'अपडेट होतोय बाबा.' सूर्य! अपडेट!

मग आणलं उजेड मोजायचं यंत्र, तेसुद्धा त्या शास्त्र्याकडून उसनं. काठीला बांधून पाण्यात बुडवायचं, आकडा वाचायचा. हा कोपरा, तो कोपरा, वर, खाली. मी म्हटलं, 'अरे, एकदा माझ्या पेपरवर धरून बघ ना ते.' 'बाबा, ते पाण्यात वापरायचं असतं.' ऐकलंत? दिव्याखाली अंधार असतो हे ऐकून होतो. आमच्याकडे दिव्याशेजारी अंधार, आणि त्यात मी. हीच म्हणाली शेवटी, 'तुम्ही पुढच्या जन्मी पोवळं व्हा, मग मिळेल तुम्हाला दिवा.' मी काय मागितलं होतं हो?

आणि मग एका सकाळी मला शोध लागला. चिरंजीव कामावर, सूनबाई कामावर, टाकीवर तो सूर्य तळपतोय, आणि मासे बाहेर उडू नयेत म्हणून टाकीला काचेचं झाकण. गुळगुळीत, सपाट, माझ्या छातीइतकं उंच. मी स्वयंपाकघरातलं उंच स्टूल आणलं, डाव्या कोपऱ्यात झाकणावर पेपर पसरला, आणि काय सांगू तुम्हाला! अक्षर न् अक्षर! जाहिरातीतल्या अटीसुद्धा! निळसर दिसत होतं, पण आपल्याला काय पेपर रंगवायचाय? मग रोजचंच झालं. चहा झाला की स्टुलावर, पहिल्या पानापासून शेवटच्या कोड्यापर्यंत. मी सावकाश वाचतो. जेवायची हाक आली की पेपराची घडी, स्टूल जागेवर, काच पुसलेली. पुरावा नाही!

आणि तिकडे पोवळी पांढरी पडायला लागली.

हो ना! कडक जात ती, एकेक फांदी खडूसारखी होत चालली. चिरंजीव रोज येऊन काचेला डोळे लावून बसतात, फोटो काढतात, ग्रुपला पाठवतात. शास्त्री लिहितो, 'उजेड कमी पडतोय, वाढवा.' वाढवला. आणखी पांढरी. 'आणखी वाढवा.' एक दिवस मी फिरून आलो तर पोरगं जमिनीवर बसलेलं, काचेला कपाळ टेकून. लहानपणी ताप आला की माझ्या मांडीला टेकायचं ना, तस्संच. नाही, आता हसू नका. मला वाईट वाटलं. आणि भीतीही वाटली. म्हटलं, आपल्या पेपरानं तर नाही ना काही केलं? शाईबिई उतरली असली तर? सांगावं म्हटलं तर जीभ उचलेना. सांगितलं तर झाकण जाणार, आणि झाकण गेलं की मी पुन्हा त्या खुर्चीत, पुन्हा अग्रलेखावर टक्कल!

रविवारी शास्त्री स्वतः आले. केवढा मान! आमच्या हिनं दोनदा चहा केला. शास्त्र्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टाकीभोवती प्रदक्षिणा घातली, आणि डाव्या कोपऱ्याशी थबकले. तिथे एक मातकट गोळा होता, दुकानातल्या त्या दातांनी, विकला जात नाही म्हणून, पिशवीत फुकट टाकलेला. तो गोळा फुलून हिरवागार! आणि त्याच्या शेजारची दोन महागडी पोवळीही ठणठणीत, जशी दुकानातून आली तशी! बाकी टाकी स्मशान, आणि हा कोपरा बाग. 'इथे प्रवाह वेगळा आहे,' शास्त्री म्हणाले. मग म्हणाले, 'इथे काच वेगळी आहे.' मग म्हणाले, 'ही जातच वेगळी आहे.' माणूस विद्वान असला की एका चुकीवर भागत नाही त्याचं. मी आपला छताकडे बघतोय. तेवढ्यात आमची ही, हातात कपबशा, म्हणते कशी, 'अहो, तिथे तर हे रोज पेपर वाचतात!'

झालं! काखोटीला लपवलेलं कोकरू बें करून ओरडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चिरंजीव म्हणाले, 'झाकणावर? बाबा? रोज?' मी म्हटलं, 'रोज म्हणजे… पेपर रोजच येतो ना…' शास्त्र्यांनी हात वर केला. यंत्र मागवलं. पेपर पसरून मोजलं, पेपर काढून मोजलं, पुन्हा पसरून मोजलं… पेपराच्या सावलीत आकडा निम्मा! आणि डोळे मिटून म्हणाले, 'उजेड जास्त होतोय. मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.'

पहिल्यापासून! ऐकताय ना? ज्या माणसानं 'वाढवा, वाढवा' करून अर्धा समुद्र भाजला, तो! आणि चिरंजीव मान डोलावतायत! मी म्हटलं, मग कमी करा ना तो सूर्य, बटण असेल की. शास्त्री माझ्याकडे असे हसले, जसे आपण बालवाडीतल्या मुलाकडे बघून हसतो. 'काका, आता काही म्हणजे काही बदलायचं नाही. स्थैर्य! जे चाललंय ते जसंच्या तसं चालू द्यायचं.' जे चाललंय ते म्हणजे काय? तर मी!

तेव्हापासून मी ड्युटीवर आहे. उरलीसुरली पोवळी सगळी डाव्या कोपऱ्यात आणून लावलीयत, माझ्या पेपराखाली. 'बाबा, कोडं सोडवताना पेपर हलवू नका.' 'बाबा, पुरवणी वेगळी काढू नका, जाडी कमी होते.' ग्रुपमध्ये माझा फोटो गेलाय, पाठमोरा, बनियनवर. आणि तिथे आता नवे पंथ! एक विचारतो, पेपर कुठला? दुसरा विचारतो, रंगीत पानं वर की खाली? हॅलाइडवाला लिहितो, 'आम्ही हे पूर्वीपासून साप्ताहिकानं करतो.'

पण खरी गंमत पुढेच. सूनबाईंना वाईट वाटलं माझं. न बोलता एक दिवस त्यांनी दिवा आणला. उभा, मान वाकणारा, पांढरा स्वच्छ सौम्य उजेड. माझ्या खुर्चीशेजारी लावला, म्हणाल्या, 'बाबा, बसा.' बसलो. पेपर उघडला. टक्कल नाही! तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एक संध्याकाळ वाचलं मी त्या दिव्यात. एकच. कारण चिरंजीव आले, दिव्याकडे बघत उभे राहिले, यंत्र आणून माझ्या पेपरवर धरलं… हो, आता बरं धरता आलं! आकडा वाचला, शास्त्र्याला फोन लावला, आणि मऊ आवाजात म्हणाले, 'बाबा… आजारी पोवळ्यांना अगदी असाच उजेड लागतो. थोडे दिवस. बरी होईपर्यंत.'

मी काय मागितलं होतं? एक दिवा! आला, नाही कसं म्हणू? तो आता न्हाणीघरात एका छोट्या टाकीवर मान वाकवून उभा आहे, आजाऱ्यांच्या उशाशी. आंघोळीला गेलो की भेटतो आम्ही.

चला, उठतो. सूर्य उगवायची वेळ झाली. घरातल्या मोठ्या माणसाची सावली असावी लागते म्हणतात ना… आमच्याकडे ती रोज मोजून घेतात.