पाहुण्यांसाठी डेस्कटॉप

ऐका तर. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढतो, म्हणून मला टॅब्लेट हवा होता. वडील, म्हणजे आबा, अडून बसले. "रविवारी मुलीकडचे येत्यात. टॅब दिसला तर म्हणतील, पोरगं रीलच बघतंय. लॅपटॉप दिसला तर म्हणतील, नोकरी गेली म्हणून गावी सणसरला येऊन बसलंय. डेस्कटॉप घे. हापिस वाटतं."

"आबा, मी चित्रं काढतो, हापिस चालवत नाही!"

"लगीन करायचंय का न्हाय?"

बारामतीहून डेस्कटॉप आला. पाहुणेही आले. मुलीचे मामा स्क्रीनसमोर थांबले आणि एकदम खूश झाले. "लई भारी! सातबारा निघतो का हितं?"

मी ताडकन म्हणालो, "नाही!"

माझ्यापेक्षा आवाज चढवून आबा म्हणाले, "निघतो की! प्रिंटर तेवढा उद्या येतोय."