आजोबाचं नाव

आमच्या घरी आजोबाचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं कोणी घेतलं, सांगू? एका रशियन साहेबानं!

भिलाईचा पोलादाचा कारखाना तवा रशियन लोकाईच्या मदतीनं उभा होऊन राहिला होता. बाबा फिटर होते, आन् आम्ही कॅम्प-वन नावाच्या कामगाराईच्या वस्तीत राहत होतो. रशियन लोकाईची रीत अशी, का माणसाले मान द्यायचा तर त्याच्या नावाले बापाचं नाव जोडून हाक मारायची. बाबाच्या साहेबानं त्याइच्या गेटपासवरचं पूर्ण नाव वाचलं, आन् त्या दिवसापासून बाबा झाले 'देवराव सखारामोविच'.

एका रविवारी साहेब आमच्या दारात येऊन ओरडला, "देवराव सखारामोविच!"

आजी चुलीपाशी भाकर थापत होती. तिचा हात थांबला. तिनं डोक्यावर पदर घेतला. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. आजोबाले जाऊन दहा वर्षं झाली होती, आन् तिच्यापुढं आम्हीही कोणी ते घेत नव्हतो. मले वाटलं, आता म्हातारी भडकते.

बाबा घाईघाईनं म्हणाले, "माय, त्याइच्यात तशी रीतच आहे वं."

तिनं साहेबाले भाकर-ठेचा वाढला. तो डोळे पुसत पुसत जेवला आन् गेला.

पुढच्या रविवारी दोनदा दारातून डोकावून आजी बाबाले म्हणते, "तुहा साहेब कावून नाही आला रे?"

"काम असन, माय."

"आला तर त्याले सांगजो, एकदम घरात नको घुसू म्हणा. अगोदर भाईरून पुऱ्या नावानं हाक मार."