चारची ओहोटी

कशेळीच्या थांब्यावर भिवंडीच्या बसची वाट बघत केसरीनाथकाका आणि त्यांचा पुतण्या देवेश माझ्यापुढे उभे होते. काकांच्या पँटला कडक इस्त्री, देवेशच्या पँटला गुडघ्यापर्यंत कालचा चिखल. दोघांची सरासरी काढली असती तर एक माणूस नीटनेटका निघाला असता.

"नवा शर्ट घिऊ. चारला मुलीकडचे येनार हायत. गोडाऊनला सुपरवायझर हाय, इतकंच बोल."

"काका, गोडाऊन बंद पडलं, आमी सगळे घरी बसलो. त्यांना कळनार न्हाय का?"

"लगीन झाल्यावर कळू दे."

"मी सरकारी कामावर खाडीत तिवराची झाडं लावतो. तेच सांगीन."

"तुझ्या आज्यानं चुलीसाठी तिवरं तोडली, आन तू लावतोस!"

"बांध पन आमीच घातला. परवाच्या उधाणाचं पानी अंगणात आलं?"

"न्हाय आलं."

"आन गेल्या साली?"

"गेल्या साली तुझी काकी खाटेवर बसून भाकऱ्या थापत होती."

"मग?"

"मग काय? चारला घरी पायजेस."

"चारला ओहोटी हाय. रोपं ओहोटीतच लावायची. घरी बसलो तर आजची रोपं सुकतील."

"सोयरीक मोडंल, देव्या!"

"मोडू दे."

बस आली. काका चढले नाहीत. त्यांनी फोन काढला.

"हॅलो, पाव्हनं? घरी नको, खाडीवर या. न्हाय, सुपरवायझर न्हाय, झाडं लावतो. जुन्या चपला घाला. आन मुलीला आना, चिखलातच तो बरा दिसतो."