फार्सातली करपलेली भाकरी

अख्ख्या गिरगावात फार्स माझ्याइतका कुणाला कळत नाही; आता हसायचं कुठे ते मी शेजारच्याकडे बघून ठरवतो, ही गोष्ट निराळी!

ठाकूरद्वारच्या आमच्या शंकरची बायको रुसून रेवदंड्याला माहेरी गेली होती. सासऱ्याचा निरोप आला, "उद्याच्या आगबोटीनं न्यायला या, नाहीतर मुलगी कायमची इथंच राहील." शंकर हटून बसलेला. "गेली तशी येईल!"

मी त्याला दुपारच्या फार्साला ओढून नेलं. तिथला नवराही बायको रुसून गेल्यावर भाकऱ्या थापत होता. पीठ डोळ्यांत, भाकरी चुलीत! लोक लोळत होते; शंकर हसेना, म्हणून मलाही हसता येईना. शेवटी बायको परतली आणि एक शब्द न बोलता ती करपलेली भाकरी मोडून खाऊ लागली. शंकर ताडकन उठून बाहेर पडला. मला वाटलं, हा आता कुणाला तरी बदडतो! बाहेर धावत जाऊन मी त्याचं उपरणं धरलं.

"कुठे रे?"

"गाठोडं बांधायला. उद्याची बोट चुकायला नको."

"अरे वेड्या, ती बायको नव्हे, लुगडं नेसलेला बाप्या होता!"

"म्हणूनच. लुगड्यातल्या बाप्याला नमतं घेता आलं, मग धोतरातल्याला का येऊ नये रे?"