मेंढरांची पाखरी

माहा जनम कोन्या गावचा ते काय सांगू तुमाला, मेंढरं जिथं बसल्ती तिथला. जांब समर्थाच्या पल्याड एका कुणब्याच्या वावरात आमचा वाडा बसल्ता, म्हंजे खतासाठी मेंढरं त्याच्या वावरात बसवायची अन् त्यानं आमाला जवारी द्यायची, अशी रीत व्हती. त्या वावरात बोरीच्या आडोशाला माय बाळंत झाली अन् दुसऱ्या दिशी मला घोंगडीत गुंडाळून मेंढरामागं चालाया लागली. मेंढरं थोडीच थांबत्यात बाळंतिणीसाठी. नाव ठेवलं भिवरा. आमचं घर म्हनलं तर केदारखेड्याच्या अंगाला, पूर्णेच्या काठाला, पन ते नुसतं म्हनायला घर, पावसाचे दिवस तिथं काढायचे अन् बाकी साल पायावर. तव्हा मोगलाई व्हती, हैदराबादचं राज. राज कोनाचं का असंना, आमाला काय, आमचं ध्यान चाऱ्यावर अन् पान्यावर.

माह्या बापापाशी चांगली कुत्री व्हती. लोकं लांबून पिल्लू मागाया यायची. त्याची एक तऱ्हा व्हती बघा, पिल्लाचे डोळे उघडायच्या आधीच तो ते मेंढीला लावायचा. मेंढी लाथा मारायची, बाप तिला धरून बसायचा, मंग हळूहळू पाजायची. ते पिल्लू कोकरातच निजायचं, कोकरातच उठायचं. आमी पोरी त्याला मांडीवर घ्याया गेलो का बाप रागं भरायचा. म्हनायचा, त्याला मानसाची सवय लावू नका, मानसाच्या लाडात पडलं का मेंढरं सोडून चुलीपाशी येऊन बसंल, ते मेंढराचं हाय, तुमचं न्हाई. पन भाकर मातर पैली कुत्र्याला, मंग आमाला. माय म्हनायची, पोरी उपाशी हायत, तर बाप म्हनायचा, पोरी काय लांडग्याच्या आडव्या जाणार हायत का.

माहं लगीन झालं तव्हा सासर बी मेंढरावालंच. बापानं सासरी वाटं लावताना ओटीत नारळ घातला अन् त्याच्या शेजारी एक पिल्लू घातलं, तपकिरी रंगाचं, कानाला काळं. सासरची मानसं हसली. सासू म्हनली, भांडं न्हाई, कुंडं न्हाई, कुत्रं दिलं का ओटीत. बाप म्हनला, भांडं फुटतं. बस, एवढंच म्हनला. तीच पाखरी. मेंढरामागं अशी भिरभिर फिरायची का तिला दुसरं नाव शोभलंच नसतं.

आमचे मालक, नाव घेत न्हाई मी, आजूक न्हाई घेतलं, ते लई कमी बोलायचे. दिसभर काठी खांद्यावर अन् नजर मेंढरावर. कोन्या मेंढीचा पाय दुखून राह्यला, कोनती आज खाऊन न्हाई राह्यली, बराबर कळायचं त्याईला. अन् पाखरी बी तशीच. दोघं बोलायचे न्हाईत अन् दोघाला बी कळायचं. एकडाव काय झालं, आमी पुढं आल्तो अन् एक मेंढी माघारी राह्यली, ती नाल्यात व्यायली. वरून पाऊस कोसळून राह्यला. मुक्कामावर आल्यावर बघतो तर पाखरी न्हाई. मालक म्हनले, कुठं बी गेली असंल तर कामावरच असंल. सकाळी माघारी जाऊन बघितलं, तर नाल्याच्या दरडीवर मेंढी उभी, तिच्याखाली कोकरू, अन् पाखरी पान्याकडच्या अंगाला आडवी बसलेली, सारी चिखलानं माखून. मालकाइनं कोकरू उचललं तव्हा ती उठली अन् चालाया लागली. मालक मला म्हनले, भिवरा, आपून थकलो का आपून निजतो, हिला थकलीस म्हनून कोन सांगतं गं. त्यांचं बोलनं म्हंजे असं, सालातून एखांदं.

ते बी तसेच व्हते. म्या किती डाव म्हनलं, एक दिस बसा, ताप हाय अंगात. तर म्हनायचे, मेंढराला सांगून येतो मंग बसतो. त्यांचं हसनं तेवढंच.

त्या साली उन्हाळ्यात आमी आष्टीकडं, गंगेच्या, म्हंजे गोदावरीच्या अंगाला उतरल्तो. तिकडं चारा बरा व्हता. नामदेव, माहा एकलाच पोरगा, तव्हा अंगावर पीत व्हता. दुपारचं म्या त्याला बाभळीला झोळी बांधून टाकलं अन् बारकी कोकरं त्याच बाभळीखाली सावलीला ठिवली. मोठी मेंढरं खाली डव्हाला पानी पिऊन राह्यली, मालक तिथं, अन् मी चुलीसाठी काटक्या येचून राह्यले. भर ऊन. त्या उन्हात म्या बघितलं, एक लांडगा सरळ चालत यून राह्यला. लांडगा असा येत न्हाई भाऊ. लांडगा दबत येतो, आडोसा धरून येतो, मानूस दिसला का थांबतो. हा उघड्या रानातून, मान वाकडी करून, सरळ बाभळीकडं. म्या वरडले. माहा आवाज निघाला का न्हाई ते बी मला ठावं न्हाई.

पाखरी डव्हावर व्हती, मेंढराच्या कडंनं. ती कव्हा निघाली ते कोनीच बघितलं न्हाई. लांडगा झोळीपास्न चार हातावर असंल, तव्हा ती त्याच्या अंगावर येऊन पडली. दोघं एकमेकात असे गुंतले का कोनतं कोन ते कळंना. कोकरं चहूकडं पांगली, झोळी हालून राह्यली, पोरगं रडून राह्यलं. म्या पोरगं उचललं अन् पळाले. मालक कुऱ्हाड घेऊन आले, पन घाव घालावा तर पाखरीवर बसायचा. लांडग्यानं तिचं थोबाड धरल्तं. तव्हा मालकाइनं डाव्या हातानं त्याचा जबडा धरून तिला सोडवलं, अन् सोडवताना त्यानं हात फोडला, इथं, मनगटाच्या वर. मंग कुऱ्हाडीनं संपवला त्याला.

गावातली मानसं धावून आली. काय सांगू तुमाला, केवढा मान केला तिचा. बायाइनं पाखरीला हळदी-कुंकू लावलं, कोनी नारळ फोडला, कोनी दूध घेऊन आलं. म्हनाया लागले, मालकाच्या लेकरासाठी जीव टाकला जनावरानं. पन मी तुमाला खरं सांगते, ती पोरासाठी धावली का कोकरासाठी ते तिचं तिला ठावं. मला वाटतं कोकरासाठीच. तिला मानसाची वळखच कुठं दिल्ती आमी. तिचं जे काम व्हतं ते तिनं केलं, अन् त्यात माहं पोरगं वाचलं. मान झाला तव्हा बी ती दुधाला तोंड न लावता मेंढरं गोळा कराया गेली, थोबाडातून रगत गळून राह्यलं तरी.

ज्या कुणब्याच्या वावरात आमी बसल्तो तो म्हातारा आबा, तो तेवढा लांडग्यापाशी गेला. त्यानं काडीनं लांडग्याचं तोंड उघडून बघितलं, लाळ बघितली. मंग मालकाला बाजूला घेऊन म्हनला, ह्यो पिसाळलेला व्हता. कुत्रीला आजच साखळीनं बांध. अन् तू जल्दी जालन्याला जा, सरकारी दवाखान्यात इचार, ह्याच्यावर सुया असत्यात पोटात द्यायच्या.

मालक गेले, जालन्याला पायी जाऊन आले. तिथं सांगितलं, ही सुई इथं न्हाई, मोठ्या शहरात जावं लागंल, तिथं बरेच दिस राहावं लागंल. ते माघारी आले. म्या म्हनलं, मंग जावा. ते म्हनले, मेंढ्या व्याया लागल्यात, पाखरी बांधलेली हाय, भावाचा कळप यगळा, तू लेकुरवाळी, मेंढरं कोनाच्या जिवावर टाकू. म्या म्हनलं, मेली तर मरू द्या मेंढरं. त्याईनं माह्याकडं असं बघितलं, का मी काय भलतंच बोलून राह्यले. म्हनले, व्यायचा हंगाम निघू दे, मंग जातो. एका वैद्यानं पाला दिला, तो बांधला. हात भरून बी आला. मला वाटलं, टळलं.

इकडं पाखरी साखळीला. मेंढरं सकाळी निघाली का ती उठून उभी राहायची, साखळी ताणायची, अन् मेंढरं दिसेनाशी झाली तरी तिकडंच तोंड करून उभी. सारा दिस. मला वाटायचं ती बसंल, दमंल, पन बसायची न्हाई. मंग एक दिस तिनं भाकर सोडली. आवाज बदलला, घोगरा झाला. माती चावाया लागली. एक कोकरू, तिच्याच पाठीवर निजायचं ते, सवयीनं तिच्याकडं चाललं, अन् ती त्याच्यावर गुरकावली. तेवढं बघितलं मालकाइनं अन् कुऱ्हाड घेतली. दीर भेटाया आल्ता, तो म्हनला, मी करतो. मालक म्हनले, न्हाई, माही हाय ती. मी आबाच्या वावरातल्या झोपडीत जाऊन कानावर हात धरले. त्याईनंच खड्डा खंदला, त्याईनंच पुरली, अन् हात धुवून मेंढरामागं गेले.

व्यायचा हंगाम सरला. म्या पाठीमागं लागून लागून त्याईला कबूल कराया लावलं का आता शहरात जायाचं. गाठोडं बांधलं, मेंढरं बघाया दीर बी आल्ता. अन् त्याच सकाळी म्या पानी दिलं तर तांब्या त्यांच्या हातातून पडला. परत भरून दिला. तोंडापाशी नेला अन् गळाच आवळला. त्याईनं माह्याकडं बघितलं, म्या त्यांच्याकडं बघितलं. दोघाला बी कळलं भाऊ.

ते शांत व्हते. म्हनले, पोरगं घेऊन लांब जा. भावाला म्हनले, साखळी आन, मला बांध, तिला बांधल्तं तसं, मी कोनाला काय करीन त्याचा भरवसा न्हाई. दीर रडून राह्यला, बांधंना. मंग मालकाइनंच एक हात झोपडीच्या खांबाला बांधला, दुसरा त्याला बांधाया लावला. मी लांबून बघून राह्यले. मधी मधी सुद्धीवर यायचे तव्हा एकच इचारायचे, मेंढराला पानी दावलं का. ज्या मानसाच्या गळ्याखाली पानी उतरंना, तो मेंढराच्या पान्याचं इचारून राह्यला. म्या लांबून सांगायचे, दावलं. लई दिस न्हाई लागले. गेले.

दीर म्हनला, वहिनी, मेंढरं माह्यात घाल अन् तू पोराला घेऊन घरी बस. त्याचं वाईट न्हाई म्हनत मी, त्याच्या मनात चांगलंच व्हतं. पन म्या म्हनलं, मी बसले तर माहं डोकं फिरंल. पाखरीची एक लेक माह्यापाशी व्हती, हौसा, तरनी झाल्ती. तिला घेतलं, पोराला पाठीशी बांधलं अन् निघाले. बाई मेंढरामागं वाडा घेऊन हिंडती म्हनून लोकं नावं ठेवायची. ठिवू दे. बारा गावचं पानी पेले, थंडी काढली, घोंगडी पांघरून काठी घेऊन पहारा केला. हौसा माह्या पुढं. नामदेव तिच्या मागं रांगायला शिकला. मेंढरं वाढवली म्या, कमी न्हाई होऊ दिली. कोनी शाबासकी दिली न्हाई, अन् म्या मागितली बी न्हाई.

मंग ती गडबडीची सालं आली. मोगलाई जाणार, न्हाई जाणार, नुसती बोलनी. बंदूकवाले गावागावात फिराया लागले. जाळपोळ व्हाया लागली. सारी मानसं जीव घेऊन वऱ्हाडात चालली, तिकडं इंग्रज जाऊन आपलं राज आल्तं. गाड्या जुंपून, पायी, जसं जमंल तसं. मला म्हनले, भिवरा, चल. म्या म्हनलं, मेंढरं घेऊन येते. मेंढरं काय पळत्यात का हो. चरत चरत येणार. हद्द एका मुक्कामावर राह्यली अन् सकाळच्या पारी ते लोकं आले. कोन व्हते, कुठले व्हते, मला ठावं न्हाई, तोंडं बांधल्ती. मला म्हनले, बाई, बाजूला हो. म्या पोराला धरून बाजूला झाले. काय करू. पन हौसाला बाजूला व्हयाचं कोन सांगणार. ती मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभी राह्यली, जिथून मेंढरं बाहीर काढत्यात तिथं. एकानं काठी मारली, हालली न्हाई. दुसऱ्यानं बंदूक मारली. तिच्या अंगावरून मेंढरं हाकलत नेली. साऱ्या मेंढ्या तिला हुंगत हुंगत गेल्या. एवढ्या वर्साची मेहनत धुरळ्यात गेली, अन् धुरळा बसेपोहतर मी तिथंच उभी.

हद्दीपल्याड एका छावनीत राह्यलो. मंग एक दिस लोकं नाचाया लागली, पेढे वाटाया लागली, मिलिटरी आली, राज गेलं. चांगलं झालं, मी न्हाई म्हनत न्हाई, लेकी-सुनांचा जीव भांड्यात पडला. माह्या हातात बी एकानं पेढा ठिवला. म्या तो नामदेवाला दिला. गावी आलो तर मेंढरू न्हाई, जाळी न्हाई, काय न्हाई. तव्हापासून लोकाच्या वावरात निंदाया गेले, कापूस येचला, जात्यावर दळन दळलं. हात चालू राह्यले, मन काय चाललं न्हाई. परत कुत्रं पाळलं न्हाई म्या. नामदेव जालन्यात सरकी काढायच्या कारखान्यात हमालीला लागला. आता त्याचं बी वय झालं, पाठ वाकली. सून चांगली हाय, आई बसा म्हनती. बसते मी. दारात बसते अन् रस्त्यानं जानारी मानसं बघते.

तुमी मघाशी इचारलं, एवढे कष्ट केले त्याचं काय वाटतं. काय सांगू तुमाला. लोकं सांगत्यात, मेहनतीचं फळ भेटतं. आमच्या मालकाला भेटलं न्हाई, त्या दोन मुक्या जनावराला भेटलं न्हाई, मला बी न्हाई. तुमी काय लिहायचं ते लिहा, तुमी शिकलेली मानसं, पन माह्या नावावर ते फळाचं लिहू नका. त्याईनं आपलं काम सोडलं न्हाई, एवढं लिहा. तेवढं खरं हाय.

जावा आता, ऊन उतरलं. तुमच्या घरादारात सारी मानसं सलामत राहू द्या, अन् कोनाला साखळीनं बांधायची पाळी तुमच्यावर न येवो.