व्याह्याच्या रानातला तुकडा

मंडळी, ऐका! आज एकच सवाल. निर्धास्त कोण? ज्याचं रान उदंड पिकलं तो — की रान बुडालं तरी ज्याची चूल पेटते तो? मागचे काका मान हलवतायत... नाही, नाही, डुलकी आहे ती. असू दे!

दोन व्याही होते. एक भिवबा खिलारे, नदीकाठच्या डोहगावचा. काळी कसदार जमीन! त्याची लेक गजरा दिली होती वर माळावर, खडकुलीच्या मल्हारी टेमगिरेच्या घरी. तिथं सगळा मुरूम!

आता गंमत पाहा. पाऊस कमी झाला की माळ करपतो, काळी मात्र ओल धरते, पिकते. पाऊस फार झाला की काळीत पाणी साचतं, माळावरून वाहून जातं. एक रडतो तेव्हा दुसरा हसतो! म्हणून दोघांनी चाल पाडली — भिवबाच्या रानात एक तुकडा मल्हारीचा, मल्हारीच्या रानात एक भिवबाचा. पेरायचं, राखायचं रानवाल्यानं. दाणे ज्याचा तुकडा त्याला.

लागोपाठ तीन सालं पाऊस कमी! तिन्ही सालं भिवबाची! तिसऱ्या साली मल्हारी आपले दाणे न्यायला आला, तर भिवबा चारचौघांत म्हणाला, "व्याही, माझीच काळी आई दोन घरं पोसते. तुमचा माळ मला काय देतो? कुसळं! मोडली ही चाल!"

मल्हारीही तापला. "मोडली तर मोडली! पुन्हा तुमची पायरी चढणार न्हाय!"

बिचारी गजरा! दोन्हीकडं तिचीच माणसं. रडायचं तरी कुणाच्या नावानं?

पुढल्या साली? आभाळ फाटलं! नदी रानात शिरली ती पंधरा दिवस हलली नाही. भिवबाची ज्वारी उभी कुजली. मार्गशीर्षात कणगीचा तळ दिसला. बायको म्हणाली, "अहो, लेकीकडं जा की!"

"लेकीच्या घरचं पाणी पीत न्हाय आपण, अन् दाणे आणू? मेलो तरी न्हाय!"

पोट रिकामं, पण ताठा बघा — काठोकाठ भरलेला!

अन् एका सकाळी दारात बैल थांबले. मल्हारी! गाडीत सहा पोती बाजरी! भिवबा दारात आडवा उभा. "लेकीच्या घरचं मला चालत न्हाय!"

"लेकीच्या घरचं कोण देतंय? तुमच्याच तुकड्यातली हाय!"

"पण चाल तर मोडली होती..."

"तोंडं भांडली, व्याही. पेरायची पाभर थोडीच भांडली? पेरणीला सूनबाई हटून बसली, 'आबांचा तुकडा पेरायचाच.' तिनंच खुरपला, तिनंच राखला."

भिवबा मटकन उंबऱ्यावर बसला. रडला, मंडळी! बाजरी पाहून नाही, लेकीचं नाव ऐकून! मग डोळे पुसले अन् म्हणाला, "चला रानात. तुमचा तुकडा आखून घेऊ. अन् या खेपेला नदीपासून लांब, उंचावरचा घ्या!"

जगाचंही असंच आहे हो! एका मुलखात गहू बुडतो, त्याच साली दुसऱ्या मुलखात खळी भरतात. देव सगळ्यांना एकाच साली उपाशी ठेवत नाही — पण भांडायला तोंड मात्र सगळ्यांना दिलंय त्यानं!

यंदा तुमचं पिकलंय. छाती फुगलीय. फुगू द्या! पण सांगा, त्या भरात कुणाला तोडून बोललात? आठवला ना चेहरा? मग उद्या सकाळी त्याच्या दारी जा, पदरात दोन पायली दाणे घेऊन. आता जोडा हात. ओठांवर देवाचं नाव घ्या — अन् मनात त्या माणसाचं!