तीन पेनड्राइव्ह आणि बाबांचा व्हिडिओ

तुम्ही हसाल, पण गॅस बंद केला का हे तीनदा बघणारी बाई मी. लॅपटॉपमध्ये नवं विंडोज टाकायचं ठरलं, तेव्हा बॅकअपही तीन पेनड्राइव्हवर घेतला. कारण त्यात 'बाबा' नावाचं फोल्डर होतं, आणि त्यात तेव्हा तान्ह्या असलेल्या माझ्या लेकीला खेळवणाऱ्या बाबांचा एकुलता एक व्हिडिओ. बाबा गेले त्याला आता दोन वर्षं झाली.

लॅपटॉप आदल्या दिवशीच महाल भागातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दिला होता. तिथल्या दुकानदार काकांनी तिन्ही पेनड्राइव्ह लावून पाहिले.

"ताई, हे तं नुसते शॉर्टकट आहेत. तुम्ही डेस्कटॉपवरचं चित्र उचलून आणलं तीनदा. फोल्डर लॅपटॉपातच राहिलं."

मी घाईघाईनं विचारलं, "आणि लॅपटॉप? पुसला का तुम्ही?"

"नाही जी. मी पहिले पाहतो, मंग पुसतो. थांबा, तुमची खात्रीच करून देतो."

त्यांनी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. तोवर मी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर रडायला लागले होते. आणि बाबांचा आवाज आला, मांडीवरच्या माझ्या लेकीला समजावणारा:

"काहून रडून राहिली वं माय? मी आहो ना इथंच."